निमगाव केतकी ते कैरो, व्हाया स्वारगेट

इंदापूर तालुक्यात पोरगं शिकायला बाहेर गेलं म्हणजे सदाशिव पेठेत एमपीएससी करायला गेलं, हे सगळ्यांना समजतं. कमवायला गेलं म्हणजे बारामतीच्या एमआयडीसीत किंवा दुबईला, हेही समजतं. दीन शिकायला गेलं तर अक्कलकुवा, फार झालं तर देवबंद. तिथवर एसटी आणि रेल्वे पोचते, म्हणून लोकांची समजूतही पोचते. आमच्या पुतण्यानं आलिमचा कोर्स संपवून कैरोच्या अल-अझहरचं नाव काढलं आणि निमगाव केतकीत अडचण झाली. कैरोला गेलेलं गावात कोणी नव्हतं, त्यामुळे माहिती द्यायला सगळेच मोकळे होते.

आम्ही तांबोळी. गाव पानमळ्यांचं, तेव्हा आडनाव आणि धंदा यांची फारकत अजून झालेली नाही. मी तेवढा नोकरीसाठी बारामतीला आलो, म्हणून घरात मला 'बाहेर राहिलेला' धरतात आणि परदेशाच्या चौकशा माझ्याकडे येतात. भावाचा फोन आला, "तेवढी माहिती काढ. कॉलेज बरं आहे का?" मी सांगितलं, फातिमी खलिफांनी कैरो वसवलं तेव्हाची, सन ९७०च्या सुमाराची मशीद आहे. शिकवायला लागून हजार वर्षं उलटली. भाऊ जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजे बिल्डिंगचं काही खरं नसणार."

फातिमी शिया होते, पुढं ती सुन्नींकडे आली आणि आज तिथं चारही मजहबांचा फिक्ह शिकवतात, हे ऐकून मशिदीच्या कमिटीतले एक चाचा अस्वस्थ झाले. आमच्या मशिदीत मजहब एकच आहे, आणि नवा पंखा कोणत्या सफेवर लावायचा यावरून गट दोन आहेत.

अम्मीला साल सांगून उपयोग नसतो. १९६१मध्ये नासरच्या सरकारनं कायदा करून अल-अझहरमध्ये डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, शेतकी असे विभाग काढले आणि मुलींनाही दार उघडलं, हे तिला "पानशेत फुटलं त्या साली" असं सांगावं लागलं. अब्बा इतका वेळ सुपारी कातरत होते. ते 'शेतकी'वर जागे झाले. "तिथं शेतकी आहे? मग हा दुसऱ्या दारानं का शिरतोय?"

खरी भीती मात्र कोणी बोलून दाखवत नव्हतं. आमचा एक मावसभाऊ आखातात एसी दुरुस्त करून परतला, तो येताना गॅस भरायचं मशीन आणि फतवे असं दोन्ही घेऊन आला. उरूस चुकीचा, संदल चुकीचा, फातिहा चुकीची, तुकोबांची पालखी आल्यावर आमच्या घरून वारकऱ्यांना चहा जातो तोही विचारात घेण्याजोगा. बिचारा नुसता कॉम्प्रेसर शिकून आला होता. हा पोरगा तर सनद घेऊन येणार! घरात एकदम लगबग सुरू झाली. इंदापूरला चांदशावली बाबांच्या दर्ग्यात बोललेले, राहून गेलेले सगळे नवस फेडले गेले. त्यातले काही पुतण्याच्या जन्माच्या आधीचे होते. पोरगा परत येऊन बंदी घालायच्या आत जुनी उधारी मिटवून टाकावी, असा सरळ हिशोब.

कमिटीतल्या त्याच चाचांनी शेवटचा प्रयत्न केला. "माहीमच्या मखदूम बाबांनी कुराणाची तफसीर अरबीत लिहिली. ते कुठं कैरोला गेलेले?" मुद्दा बिनतोड होता. मखदूम अली माहिमी चौदाव्या-पंधराव्या शतकातले, आणि त्यांचं ते भाष्य अरबी जाणणारे आजही वाचतात. पण माहीमला समुद्र आहे, अरबी बोलणारे तिथं गलबतातून स्वतःच येत होते. आमच्याकडे नीरा डावा कालवा येतो, आणि त्याच्या आवर्तनाचीही वाट बघावी लागते.

कागदपत्रांचं मी फार सांगत नाही. राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, मग इजिप्तचा दूतावास असे शिक्के चढत गेले आणि शेवटी मूळ दाखला शोधावा लागला. इजिप्तमध्ये माणसाच्या नावापुढं बापाचं आणि आजोबाचं नाव लावतात. तिथल्या एका कारकुनानं तिसरं नाव वाचून 'तांबोळी' हे आजोबा ठरवून टाकले. अब्बांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "असू दे. सातबाऱ्यावर तरी माझं नाव कुठं बरोबर लागलंय?"

मदरशात इतकी वर्षं अरबी शिकलेला हा मुलगा, पण तिथं चाचणी घेऊन त्याला आधी अरबीच्याच वर्गात बसवलं. डावीकडे इंडोनेशियाचा, उजवीकडे नायजेरियाचा. त्याची अरबी ग्रंथांतली, गल्लीतली वेगळी. त्यानं भाजीवाल्याला व्याकरणशुद्ध अरबीत, शब्दाशब्दाचा शेवटचा स्वर सांभाळत टोमॅटोचा भाव विचारला. भाजीवाल्यानं छातीवर हात ठेवला आणि शेजारच्या दुकानदाराला ऐकायला बोलावलं. बारामतीच्या स्टँडवर कोणी मोरोपंतांच्या आर्येत भिगवणचं तिकीट मागितलं तर कंडक्टरचं जे होईल, ते त्याचं झालं. मोरोपंत आमच्या बारामतीचेच, १०८ रामायणं रचणारे. पण भाजी त्यांनीही साध्या मराठीतच घेतली असणार. टोमॅटो स्वस्त मिळाले म्हणे.

मग एका रात्री त्याचा व्हिडिओ आला. अल-अझहरच्या समोर, रस्त्यापलीकडे हुसेन यांची मशीद आहे, तिथं त्यांचा मौलिद चालू होता. रोषणाई, ढोल, झिक्र करत डोलणारी माणसं, खाऊचे गाडे, खेड्यापाड्यांतून पोरंबाळं घेऊन आलेल्या बायका. पैगंबरांच्या मौलिदला साखरेच्या बाहुल्या आणि घोडेस्वारही मिळतात, असं त्यानं सांगितलं. अम्मीनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हा तर आपला उरूसच की!" मग नवसांचा हिशोब आठवून जराशी नाराज झाली. इतकी घाई करायचं कारण नव्हतं.

तिचं माहेर पळसदेवकडचं, उजनीत गेलेलं. आस्वानच्या धरणात बुडणारं अबू सिंबेलचं देऊळ कापून, उचलून वर नेलं, हे नातवानं सांगितल्यापासून ती सारखी त्यावरच आहे. पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं, म्हणून गाड्या करून लोक बघायला येतात. "त्यांनी दगडाचे राजे हलवले," ती म्हणते, "आमची तर जित्ती माणसं होती. निदान चूल तरी उचलून द्यायची." यावर कैरोहून काही उत्तर आलं नाही. अल-अझहरमध्ये पुनर्वसनाचा विभाग नसावा.

परवा अब्बांनी फोन हातात घेतला. इजिप्तमध्ये ऊस भरपूर, कैरोत चौकाचौकात रसाची दुकानं, हे त्यांना नातवाकडून कळलं होतं. उसाची ८६०३२ जात लावतात का, या प्रश्नावर आमच्या आलिमची पंचाईत झाली. रस कसा असतो, एवढं तो सांगू शकला. मोठा ग्लास, नुसता रस. आलं नाही, लिंबू नाही.

अब्बांनी फोन कानाशी घट्ट धरला आणि आवाज खाली आणला. "बाळा, कुणाला बोलू नकोस. त्या मशिदीसमोर गाळा कितीला मिळतो, तेवढं बघून ठेव."