लेटेस्ट टाकून देतो, काका!

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की मुंबई-पुण्यात केक कापतात. जुन्या आवृत्तीतली चूक कोणी दुरुस्त केली, तर त्याला चहाही कोणी पाजत नाही. आणि धंदा चालतो तो नेमका त्या जुन्या आवृत्तीवर!

समजा, मेहकर तालुक्यातल्या जानेफळला एक कृषी केंद्र आहे. दुकानदाराला संगणकावर बिलं काढायची आहेत. तालुक्याहून एक तरतरीत पोरगा येतो आणि ईआरपीनेक्स्ट बसवतो. सॉफ्टवेअर आपल्याच मुंबईचं, रुषभ मेहता आणि त्यांच्या फ्रापे कंपनीनं उभं केलेलं. कोड खुला, परवाना जीपीएल, घेणाऱ्याला पैसा लागत नाही. इथवर सगळं छान. मग पोरगा छाती फुगवून सांगतो, ‘काका, लेटेस्ट टाकून दिलंय!’

टाकलेलं असतं ‘डेव्हलप’. ही ब्रँच, म्हणजे कोडची शाखा, सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांची. तिथं रोज भिंती पाडतात, रोज बांधतात. दुकानदारासाठी असते ‘व्हर्जन-१५’सारखी ब्रँच, जिची पहिली आवृत्ती २०२३च्या ऑक्टोबरात आली. तिच्यात नवलाई येत नाही, येतात त्या दुरुस्त्या. चूक आधी डेव्हलपमध्ये सुधारायची, मग लेबल लावायचं, की बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, तीच दुरुस्ती ‘व्हर्जन-१५-हॉटफिक्स’वर चढवू पाहतो. याला म्हणायचं बॅकपोर्ट. दरम्यान कोणा हुशारानं कोड सुबक दिसावा म्हणून डेव्हलपमधल्या फंक्शनचं नावच बदललेलं असेल, तर बॉट ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणून हात वर करतो. पुढे माणसानं बसायचं. दोन ओळींची दुरुस्ती, तिच्यापायी अख्खी संध्याकाळ. नाव बदलणारा एव्हाना कुठल्यातरी परिषदेत भाषण देत असतो.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सांभाळणारे याबाबतीत फार खडूस, आणि बरंच आहे ते. त्यांच्या स्टेबल ब्रँचला दुरुस्ती हवी तर ती आधी लिनक्सचा कर्ता लिनस याच्या मूळ कोडमध्ये गेलेली पाहिजे, आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींच्या आत बसली पाहिजे आणि चूक खरोखरची पाहिजे. ‘असं होऊ शकतं बुवा’ तिथं चालत नाही. (हा नियम विधानसभेतल्या भाषणांना लावला तर अधिवेशन दुपारीच आटपेल.) रेड हॅट कंपनीनं तर २०१३चं ३.१० कर्नल आपल्या लिनक्सच्या सातव्या आवृत्तीत जून २०२४पर्यंत डागडुजी करत चालवलं. जुनं म्हणजे टाकून दिलेलं नव्हे. त्याच्यामागे कोणीतरी पगारी राबत असतं.

नव्याच्या हौशीची किंमत कळायला २०२४चा मार्च पुरेसा आहे. एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट ठेवली होती. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन अर्ध्या सेकंदानं रेंगाळतंय असं वाटलं, त्यानं खणलं आणि बिंग फुटलं. डेबियन या लिनक्सची स्टेबल आवृत्ती वापरणाऱ्यांना, ज्यांना एरवी सगळे ‘मागासलेले’ म्हणून हिणवतात, त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. त्यांच्यापर्यंत नवी आवृत्ती पोचलीच नव्हती!

पण आमच्या पोराला हे कोण सांगणार? आणि डेव्हलपवर चढलेला डेटाबेस तसाच्या तसा व्हर्जन-१५वर उतरवताही येत नाही. जून उजाडतो, पहिला पाऊस पडतो, सोयाबीनच्या बियाण्याला दुकानासमोर रांग लागते आणि नेमकं त्याच सकाळी बिल अडकतं.

‘काहून रे, तुहं लेटेस्ट बसलं काय?’ दुकानदार फोनवर ओरडतो.

‘काका, चूक सापडलीय त्यांना. उद्यापर्यंत नवीन येतंय.’

‘उद्या घेऊन काय करू? पेरनी आज हाय! आण ते जुनं बिलबुक.’