प्रस्थान : बदलाच्या अधीन राहून

युरोपदर्शनास निघणाऱ्या मराठी कुटुंबाचा प्रवास विमानतळावर सुरू होतो, ही समजूत सार्वत्रिक असली तरी तपासाअंती टिकत नाही. तो सुरू होतो दोन-तीन महिने आधी, भाकरवडी मोठ्या बॅगेत की हातातल्या, हा वाद ऐन रंगात असताना मोबाइलवर येणाऱ्या एका संदेशाने. ‘परिचालनाच्या कारणास्तव’ उड्डाणाची वेळ बदलल्याचे त्यात नमूद असते. विमान कंपन्यांचे वर्ष दोन हंगामांत विभागलेले असून उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी लागू होते. तिकिटे मात्र सुमारे ११ महिने आधीपासून विकली जातात, म्हणजे ‘स्लॉट’, अर्थात गर्दीच्या विमानतळावर उतरण्या-उडण्यासाठी नेमून मिळणारी वेळ, पक्की होण्याच्या कितीतरी आधी. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, या म्हणीचा इतका पद्धतशीर व्यापारी उपयोग अन्यत्र क्वचितच आढळतो.

बदल बहुधा किरकोळ असतो. मुंबईहून युरोपकडे जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीच्या आगेमागे सुटतात. त्यामुळे १६ तारखेचे ००:२५चे उड्डाण ४० मिनिटे अलीकडे आले, की ते १५ तारखेच्या २३:४५चे होते आणि १६ तारखेपासून घेतलेला प्रवास विमा कुटुंब आकाशात पोहोचल्यावर जागा होतो. ठाण्याहून परस्पर विमानतळावर येणारे काका मात्र ‘सोळाची रात्र म्हणजे सोळा तारखेला जेवूनखाऊन निघायचे’ या सिद्धान्तावर पहिल्यापासूनच ठाम असल्याने, त्यांच्या लेखी या बदलाने काहीच बिघडत नाही.

तक्रारीसाठी तिकीट उघडावे, तर ‘वाहतुकीच्या अटी’ म्हणजे प्रवासी व कंपनी यांच्यातील कराराची कलमे समोर येतात आणि छापलेल्या वेळेची हमी नसून ती कराराचा भागच नव्हे, असे तेथे सहसा लिहिलेले असते. कायदा इतका निष्ठुर नाही. १९९९च्या माँट्रियल करारानुसार, ज्यात भारत २००९ मध्ये सामील झाला, उशिरामुळे झालेल्या नुकसानीस कंपनीला जबाबदार धरता येते; फक्त तिने शक्य ते सर्व उपाय योजल्याचे सिद्ध केलेले नसावे. युरोपीय संघाचा २००४चा नियम त्याहून उदार असून त्याखाली ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. परंतु तो युरोपातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानास लागू होतो, आणि बाहेरून युरोपात येणाऱ्या विमानांपैकी केवळ युरोपीय कंपन्यांच्या. परिणामी आखाती कंपनीने प्रवास करणाऱ्या कुटुंबास जाताना नसलेले हक्क येताना फुटतात, भाकरवडी संपलेली असली तरी.

राहिला विमा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे असल्याने बहुतेक कुटुंबे तेवढाच आकडा वाचून पॉलिसी मिटतात. आतल्या पानांवर ‘उशीर’ म्हणजे ठरावीक तासांपेक्षा अधिक खोळंबा आणि तोही नमूद कारणांमुळे, असा खुलासा असतो. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीने युरोपचे आकाश बंद पाडले, तेव्हा राख हे ‘खराब हवामान’ आहे किंवा कसे, यावर विमा कंपन्यांत आणि अडकलेल्या प्रवाशांत वाद झडले होते. शिवाय आगाऊ कळवलेला बदल हा या व्याख्येत सहसा उशीरच ठरत नाही, कारण विमान सुटते ते नव्या वेळेप्रमाणे वेळेवरच.

वक्तशीरपणा मोजण्याची रूढ पद्धत तर ठरलेल्या वेळेनंतरची १५ मिनिटे माफ करते. म्हणून २३:४५चे विमान २३:५८ला हलले, तरी दफ्तरी ते वेळेवर सुटलेले असते. अशा रीतीने वेळ बदलणारी कंपनी वक्तशीर, विमा निर्दोष आणि करार अबाधित राहतो. उशिरा आल्याची अधिकृत नोंद होते ती एकट्या काकांची. सोळाच्या रात्री ते जेवूनखाऊन विमानतळावर पोहोचतात, तोवर ‘नो शो’, म्हणजे न कळवता गैरहजर, या शेऱ्याखाली त्यांचे परतीचे तिकीटही बहुधा रद्द झालेले असते.