सहाव्या जागचं व्हॅलिन

बारावीच्या जीवशास्त्रात, आनुवंशिकतेच्या धड्यात सिकल सेल आहे. बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागचं ग्लुटामिक आम्ल जातं, तिथे व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. नागपूरच्या गांधीबागेत नीटची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवा, हे धडाधड सांगेल. मग त्याला विचारा, हा आजार असलेला एक तरी माणूस तुझ्या ओळखीचा आहे का? बहुतेक जण गप्प होतील. मध्य भारतातल्या सिकल सेलवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये 1958 साली छापून आला. विदर्भातल्या अनेक घरांत हा आजार आहे. आमच्या भावी डॉक्टरांसाठी तो चार गुणांचा प्रश्न आहे.

यात पोरांचा दोष मी मानत नाही. दोन वर्षं त्यांना प्रत्येक माणूस एकच आकडा सांगतो: 720. 180 प्रश्न, 180 मिनिटं, बरोबर आलं तर चार, चुकलं तर उणे एक. प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात, शिकणं दुसऱ्याच इमारतीतल्या शिकवणीत. हे साटंलोटं मोडायला राज्य सरकारने 2018 मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. हजेरीचं यंत्र अंगठा मोजतं. पोरगं कॉलेजात वाढतंय का, मित्र करतंय का, प्रयोगशाळेत बेडूक-झुरळाच्या पलीकडे काही बघतंय का, हे मोजायला माणूसच लागतो आणि तो कुणी नेमलेला नाही.

भाषेचं तर वाटोळंच. एमबीबीएसच्या पात्रतेला खुल्या गटातून बारावीत भौतिक, रसायन, जीव मिळून 50 टक्के पुरतात आणि इंग्रजीत पास व्हावं लागतं. मराठीचा एकही गुण कुठे धरला जात नाही. मग दोनशे गुणांचा बायफोकल विषय घ्यायचा आणि मराठी सोडून द्यायची, हा सल्ला शिकवणीच्या काउंटरवरच मिळतो. आईबापही मान डोलावतात. वेळ वाचतो ना!

वाचलेल्या वेळाचा हिशेब पुढे डागात द्यावा लागतो. डागा स्मृती स्त्री रुग्णालय याच गांधीबागेत आहे, आणि इथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर मेयो, म्हणजे 1968 साली सुरू झालेलं इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. डागाच्या फाटकाशी सकाळी ई-रिक्षातून उतरणारी गरोदर बाई पाहा. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल, मागे सासू, सासूच्या हातात डबा. आतल्या डॉक्टरला ही बाई ‘ॲनिमिया’ म्हणणार नाही. ती म्हणेल, “चालली की दम भरते जी, डोये पांढरे पडले म्हनते आशाताई.” मोठ्या पोराबद्दल विचारलं तर सांगेल, “त्याचे हातपाय ठणकते, मंग रात्रभर रडते.” या दोन वाक्यांत सिकल सेलची शंका यायला हवी. ज्याला भाषा कळते त्याला ती येते. ज्याची मराठी दहावीनंतर सुटली त्याला वाक्य ऐकूच येत नाही. तो तपासणीची चिठ्ठी लिहितो आणि पुढचा पेशंट बोलावतो.

गांधीबागेतल्या व्यापारी घरांना मी हक्काने टोचणार आहे, कारण डॉक्टर घडवण्याची अर्धी सामग्री त्यांच्या दुकानात पडली आहे आणि तेच तिला कुलूप घालतात. कापड मार्केटातल्या जुन्या गादीवर बसलेला माणूस गिऱ्हाइकाला आधी बोलू देतो. लग्न कुणाचं, देणंघेणं किती, कुणाकुणाला नेसवायचं आहे, बजेट सांगायला लाजतेय का, हे सगळं चार थानं उलगडेपर्यंत त्याला समजलेलं असतं. रोग्याची हकीकत घेणं याहून वेगळं नाही. पूर्वी पोरगा शाळेतून आला की तासभर गादीशी बसायचा, हिंदी-मराठी-मारवाडी सगळं त्याच्या कानावरून जायचं, गाठी वाहणाऱ्या हमालाला नावाने ओळखायचा, त्याची कंबर धरली की पोराला कळायचं. आता मेडिकलला जायचं ठरलं की पहिला हुकूम सुटतो: तू दुकानात यायचं नाहीस, तू फक्त अभ्यास कर. घरात पाहुणे आले तरी दार लावून घे. आजीला दवाखान्यात नेणं हेही दुसऱ्या कुणाचं तरी काम. ज्याला उद्या हजारो अनोळखी माणसांसमोर बसायचं आहे त्याला आपण सतराव्या वर्षी ओळखीच्या माणसांतूनही उठवतो.

वैद्यकीय शिक्षण ठरवणारे हे ओळखून आहेत. 2019 पासूनच्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात सुरुवातीलाच फाउंडेशन कोर्स आहे, स्थानिक भाषा आहे, वृत्ती-नीती-संवाद असा वेगळा भाग आहे. चांगलं आहे, पण दोन वर्षं कोंडलेलं पोर काही आठवड्यांत बोलकं होत नाही. सेवाग्राम याबाबतीत फार आधी शहाणं होतं. डॉ. सुशीला नय्यर यांनी 1969 मध्ये, गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. त्यांच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा पेपर असायचा. म्हणजे डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला निदान काही दिवस तरी स्वच्छता, गाव, श्रम यांवर वाचावं लागे. नीट आली आणि ती परीक्षा गेली. प्रवेशानंतर आश्रमात पंधरा दिवसांचं शिबिर, मग गाव दत्तक, त्या गावात स्वतःची ठरलेली कुटुंबं, ही रीत मात्र तिथे टिकली. कुटुंब दत्तक योजना देशभरातल्या एमबीबीएसला लागू झाली ती पुष्कळ उशिरा. गांधीबागेतून सेवाग्रामला दीड-दोन तासांत पोचता येतं. एक रविवार तिकडे काढला तर मॉक टेस्टचं आभाळ कोसळणार नाही.

आणि ज्यांना जागाच मिळणार नाही त्यांचं काय? 2024 मध्ये 23 लाखांहून जास्त मुलं नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे विसातली एकोणीस मुलं या दारातून आत जाणार नाहीत. त्यातलं कुणी परिचारिका होईल, कुणी फिजिओथेरपिस्ट, कुणी औषधाच्या दुकानात उभं राहील, कुणी गादीवर परतेल. त्या प्रत्येकाला माणसाचं बोलणं ऐकता येणं उपयोगी पडेल. नुसतं 480 गुणांचं प्रगतिपुस्तक कुठल्याच दारात चालत नाही. तरीही आपण घरात ‘दुसरं काय’ हा शब्द काढू देत नाही, अपशकुन मानतो. पोरं ते ओझं एकटी वाहतात आणि झोपेच्या वेळी छताकडे बघत राहतात.

म्हणून गांधीबागेतल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींना माझं सांगणं अगदी जवळचं आहे. आपली स्वतःची सिकल सेलची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. बोटाच्या थेंबभर रक्तावर सोल्युबिलिटी चाचणी होते, शंका आली तर पुढची पक्की तपासणी. रांगेत उभे राहा, पुढच्या-मागच्या माणसाशी बोला, टोचल्यावर कसं वाटतं ते बघा. मग घरी येऊन आईला, दुकानातल्या माणसाला, गाठी वाहणाऱ्या काकांना समजावून सांगा: वाहक म्हणजे आजारी नव्हे, पण नवरा-बायको दोघं वाहक असतील तर दर खेपेला बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. वहीत काढलेला आनुवंशिकतेचा चौकोन न दाखवता सांगा, त्यांच्या बोलीत सांगा, त्यांना न घाबरवता सांगा. त्यांनी उलट प्रश्न विचारला, तर तुमचं जमलं. नुसती मान हलवली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.