उरलेल्या स्क्रूंचे नाना

मोटारसायकलची प्लास्टिकची आवरणे हौसेने खोलून देणारा गृहस्थ महाराष्ट्रातील प्रत्येक गावात असतो आणि त्याची ओळख करून देण्याची गरज नसते. तरीही त्याच्या अभ्यासासाठी सोनगीरइतके सोयीचे गाव विरळाच, कारण धुळ्याच्या उत्तरेस मुंबई-आग्रा महामार्गावर, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात महामार्गामुळे खोळंबलेल्या गाड्यांचा, दोंडाईचाकडे वळणाऱ्या रस्त्यामुळे थांबणाऱ्या माणसांचा आणि तांब्या-पितळेच्या धंद्यामुळे हातोड्यांचा कधी तुटवडा पडला नाही. या गृहस्थास सोयीसाठी ‘नाना’ म्हणावे. नाना व्यवसायाने मेकॅनिक नसतात, हे त्यांचे मुख्य लक्षण होय. मेकॅनिक मजुरी घेतो म्हणून त्याला जाब विचारता येतो, नाना मात्र फुकट काम करतात आणि फुकट कामाचा जाब विचारण्याची रीत खानदेशात नाही.

नानांचे खास कार्यक्षेत्र म्हणजे फेअरिंग, अर्थात वारा कापला जावा म्हणून हँडलच्या पुढे आणि इंजिनाच्या दोन्ही अंगांना बसवलेले प्लास्टिकचे कवच. बीएमडब्ल्यूने १९७६ साली ‘आर १०० आरएस’ ही गाडी अशा पूर्ण कवचासह कारखान्यातूनच बाहेर काढली. भारतात २००३ च्या करिझ्माने अर्धे आणि २००८ च्या यामाहा आर१५ ने पूर्ण कवच कॉलेजच्या पोरांपर्यंत पोहोचवले. तोवर नानांची विद्या स्प्लेंडरच्या साइड कव्हरवर, म्हणजे रबरी बुशात दाबून बसवलेल्या खुंट्या उपटण्यावर, भागत होती. फेअरिंग आले आणि तिला डझनावारी स्क्रूंचे रान मोकळे झाले.

पॅनल जागेवर बसले, गाडी पुसून झाली, मालकाने किल्ली हातात घेतली, की नानांच्या तळहातावर दोन-तीन स्क्रू शिल्लक असलेले दिसतात, आणि मालकाने त्यांकडे बोट दाखवण्यापूर्वीच नाना अहिराणीत निर्वाळा देतात, “भाऊ, कंपनी जास्तीनाच देस!” शाळेतल्या गुरुजींच्या गाडीचा बल्ब बदलण्यासाठी उतरवलेले पॅनल परत चढले तेव्हा तीन स्क्रू उरले आणि उजवा इंडिकेटर मुका झाला, कारण पॅनल ओढण्याआधी त्यामागच्या वायरचा जोड सोडवावा लागतो, हे नानांना वायर तुटल्यावर आठवले, इंडिकेटरविषयी त्यांचे म्हणणे एवढेच होते की गावात सगळ्यांना गुरुजी कुठे वळतात ते ठाऊक आहे, आणि स्क्रूंविषयीचे म्हणणे तर ठरलेलेच होते. दूधवाल्याच्या गाडीतून एकदा स्क्रूसोबत एक पत्र्याची पट्टीही उरली. तेव्हा मात्र कंपनीच्या औदार्याने खुद्द नानाही क्षणभर गहिवरले.

वस्तुतः कंपनी जास्तीचे काहीही देत नाही. फेअरिंगमधील कित्येक बोल्ट खांद्याचे असतात, म्हणजे त्यांच्या डोक्याखाली धातूची जाड कड असते आणि ती आतल्या पट्टीवर टेकल्यामुळे प्लास्टिकवर दाब येत नाही. तेथे साधा बोल्ट आवळला, तर भोकाभोवती तडा जातो. काही ठिकाणी प्लास्टिकच्या क्लिपा असतात. त्यांच्या मधली खुंटी किंचित आत दाबली की क्लिप सुटते आणि बसवताना तीच खुंटी आधी वर काढून मग सपाट दाबायची असते, परंतु नाना ती पक्कडीने उपटतात. बोल्टांची लांबीही जागेनुसार बदलते, म्हणून जाणता कारागीर पुठ्ठ्यावर पॅनलची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवतो, जोडताना सगळे बोल्ट आधी हाताने दोन-दोन आटे फिरवतो आणि पॅनल जुळले म्हणजेच पाना लावतो. नाना पहिलाच बोल्ट जीव खाऊन आवळतात; मग शेवटचे भोक बोटभर सरकते, ते तापवलेल्या खिळ्याने वाढवावे लागते, आणि त्या भोकाचा स्क्रू साहजिकच कंपनीने जास्तीचा दिलेला ठरतो.

हे सारे स्क्रू श्रीखंडाच्या एका डब्यात जमा होतात आणि नानांविषयीचे कठोर मत याच डब्यापाशी थोडे अडखळते. रात्री महामार्गावर इंदूरकडचा एखादा पोरगा फडफडणारे पॅनल एका हाताने धरून उभा असतो, धुळ्यातली दुकाने बंद झालेली असतात, आणि उघडी असती तरी तेवढा एकच बोल्ट मागवावा लागला असता; अशा वेळी नाना डबा घेऊन येतात, दिव्याची वाट न पाहता बोटांनी चाचपून नेमका खांद्याचा बोल्ट काढतात, तो हाताने दोन आटे फिरवून मगच आवळतात, पैसे घेत नाहीत आणि चहा पाजल्याशिवाय पोराला सोडत नाहीत. तो बोल्ट गुरुजींचा असतो, हे खरे. परंतु त्या रात्री नानांच्या हातून एकही स्क्रू उरत नाही, हेही खरे.

या हातांना मागचा इतिहास आहे. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरने सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या कारागिरांची दखल घेतली होती. पुढे घराघरांत स्टील आले, हंडे-घागरी माळ्यावर गेल्या आणि ठोकून-जोडून वस्तू घडवण्याची सवय असलेल्या बोटांना दुसऱ्यांच्या गाड्यांखेरीज काम राहिले नाही. बाजाराची नवी जुळणी करताना कसबी माणसेच तळहातावर शिल्लक राहिली, तेव्हाही ती जास्तीचीच होती, असा निर्वाळा कोणीतरी दिलाच असणार.

म्हणून सोनगीरकरांनी नानांना गाडीला हात लावू द्यावा, चहा पाजावा आणि सल्लाही निमूटपणे ऐकून घ्यावा. फक्त गाडी देण्याआधी स्क्रू मोजून ठेवावेत आणि तो आकडा नानांना सांगू नये.