पट पाच, निकाल शंभर

1 मे हा महाराष्ट्र दिन, सिंधुदुर्ग जिल्ह्याचा (जन्म 1981) वाढदिवस आणि शाळेच्या निकालाचा दिवस. तिन्ही एकाच झेंड्याखाली उरकतात. मालवण किनाऱ्यावरच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेचा पट पाच असला, की वार्षिक अहवाल फारच देखणा होतो: निकाल शंभर टक्के, गळती शून्य. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला. मग अध्यक्षपद सत्यनारायणासारखं घरोघर फिरतं, आणि बैठकीत शाळेपेक्षा समितीच मोठी दिसते. गुरुजी आकडे वाचतात, टाळ्या पडतात. मागून एक आजी विचारते, "गुरुजी, फुडल्या वर्षाक पोरां खंयसून हाडतलास?" गुरुजी कागद उलटून बघतात. तो रकाना छापलेलाच नाही.