दांड्याआधीचा पूर्वरंग

ज्याने एखाद्या पुस्तकप्रकाशनाच्या समारंभात प्रथम अध्यक्षांचा परिचय, मग परिचय करून देणाऱ्यांचा परिचय आणि शेवटी पुष्पगुच्छ देणाऱ्यांचा नामनिर्देश, अशा क्रमाने अवघी सायंकाळ काढली आहे, त्याला आपल्या समाजाला मूळ कार्यापेक्षा प्रास्ताविकाचीच गोडी अधिक हे निराळे सांगण्याचे प्रयोजन नाही. म्हणूनच, भाचीच्या आग्रहास्तव मुंबईच्या एका उपनगरातील ‘पोल फिटनेस’च्या वर्गात रुजू झाल्यावर, तेथील पोलादी दांड्याला नुसता स्पर्श करण्याची मंजुरी मिळण्यापूर्वी मनगटे, खांदे आणि पाठ यांच्याकडून जी प्रदीर्घ पूर्वतयारी करवून घेतली जाते ती जेव्हा मी पाहिली, तेव्हा विलायती म्हणून मिरवणारा हा प्रकार वृत्तीने तरी अस्सल मराठी आहे, अशी माझी खात्री पटली.

खांबाशी आपला स्नेह तसा आजचा नव्हे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांनी खांबावर करावयाच्या व्यायामाचा उल्लेख आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवजीवन दिले, आणि ही विद्या त्यांना सप्तशृंगीच्या रानात वानराच्या उड्या पाहून स्फुरली अशी आख्यायिका आहे. झाडावर झेप घेण्याआधी त्या वानराने मनगटे फिरवून घेतली होती किंवा कसे, याविषयी आख्यायिका मौन पाळते. इतिहासाच्या दप्तरात उड्यांची नोंद होते, उड्यांआधीच्या जोरांची होत नाही. वस्तुतः जोर, सपाट्या आणि मुद्गल यांत पोराचा पुरेसा घाम निघाल्याखेरीज तालमीतला वस्ताद त्याला मल्लखांबाकडे फिरकू देत नसे. या पूर्वरंगाची प्रतिष्ठा आपल्याआधी साहेबाने ओळखली. मुद्गल हिंदुस्थानातून विलायतेला गेले, तेथून दूरदूर पसरले, आणि १९०४ साली सेंट लुईस व १९३२ साली लॉस एंजेलिस येथे भरलेल्या ऑलिंपिकमध्ये नुसते मुद्गल फिरवण्यालाच स्वतंत्र पदक ठेवण्यात आले. म्हणजे आमच्या तालमीतल्या प्रास्ताविकाला तिकडे थेट अध्यक्षीय भाषणाचा मान मिळाला.

आमच्या वर्गाच्या शिक्षिका वयाने माझ्या भाचीएवढ्या, परंतु हुकमतीने जमादार. आरंभी अंगात ऊब येईपर्यंत जागच्या जागी उड्या. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. मग गुडघ्यांवर व तळहातांवर येऊन, बोटे कधी पुढे तर कधी गुडघ्यांच्या दिशेला वळवून, सर्व देहाचा भार मनगटांवर हलकेच मागेपुढे करायचा. आजवर लेखणीपलीकडे वजन न पेललेल्या माझ्या मनगटांनी या कामी किरकोळ हरकत नोंदवली, ती तेथल्या तेथे फेटाळण्यात आली.

खरी परीक्षा खवाट्यांची. जोर घालताना असतो तसा देह ताठ ठेवून, कोपरे तिळभर न वाकवता, पाठीवरचे दोन्ही खवाटे एकमेकांजवळ आणायचे आणि पुन्हा दूर न्यायचे. हे चालले असताना पाहणाऱ्याला माणूस स्तब्ध आहे असे वाटते. माझ्या बाबतीत ते वाटणे अक्षरशः खरे होते, कारण खवाट्यांकडे हुकूम कोणत्या वाटेने रवाना करावा हे माझ्या मेंदूला ठाऊकच नव्हते. भाचीने एक बोट पाठीच्या मधोमध टेकवून “मामा, हे बोट चिमटीत धर” असे सांगितले, तेव्हा कोठे उजवा खवाटा नाइलाजाने हलला. डावा अद्याप विचाराधीन होता.

शिक्षिकाबाईंनी याची जी मीमांसा केली ती ऐकून मी हादरलो. खांद्याची वाटी इतकी उथळ, की दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात बसत नाही, नुसता टेकतो, आणि चार लहान स्नायूंच्या जामिनकीवर तेथे टिकून राहतो. शिवाय ती वाटी ज्या खवाट्याची, तो फासळ्यांवर स्नायूंच्या आधाराने सरकता राहतो. उरलेल्या सांगाड्याशी त्याचा हाडामार्फत संबंध काय तो एका जत्रुकापुरता. इतक्या कच्च्या कागदपत्रांवर आपण हयातभर बादल्या, बोचकी आणि भाचरे उचलत आलो, या जाणिवेने मी खांद्यांकडे प्रथमच आदराने पाहिले.

त्यानंतर टांगणे. आडव्या बारला लोंबकळून वर चढण्याचा यत्न न करता, कोपरे सरळ राखून, खांदे तेवढे कानांपासून खाली ओढायचे. “काका, मान दिसू द्या,” असे बाई म्हणत. मान मला आहे हे सिद्ध करण्यास काही आठवडे लागले. घाई करावी तर स्नायू लवकर बळावतात, मात्र त्यांना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा मागाहून सावकाश येतात, आणि उतावळ्यांची कोपरे मग दुखण्याचा अर्ज घेऊन हजर होतात. शिवाय जे उजवीकडून ते डावीकडूनही, हा दंडक. डावखुऱ्यांखेरीज सर्वांना तो जाचक वाटे.

आमच्या इमारतीतले एक निवृत्त मामलेदार तरुणपणी मल्लखांबावर गाजलेले. ते एकदा पाहणीसाठी म्हणून आले, त्यांनी साधारण पंचेचाळीस मिलिमीटर जाडीचा तो गुळगुळीत दांडा बोटांनी चाचपला आणि एरंडेल केव्हा लावता, अशी पृच्छा केली. ज्या एरंडेलाने आमच्या पिढीच्या बालपणातील कित्येक सकाळी नासवल्या, ते लाकडी खांबाला लागले की अंग सोलवटण्यापासून वाचते, हे त्यांचे म्हणणे यथार्थच होते. परंतु पोलादावर पकड बसते ती उघड्या कातडीची, म्हणून येथे तेल तर वर्ज्यच, पण वर्गाला येण्यापूर्वी हातापायांना मलम फासण्यासही मनाई, हे बाईंनी त्यांना समजावून दिले. दोन्ही संप्रदायांचा हा मतभेद मिटण्याजोगा नव्हता. जोरांविषयी मात्र उभयतांचे पूर्ण एकमत झाले, आणि त्या भरात मामलेदारांनी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून असे काही झोकदार जोर काढले, की मुलींनी फोन पुढे केले.

“झकास! आता पुन्हा एकदा, काका,” बाई म्हणाल्या, “पण कोपरं आत.”

साऱ्या तालुक्याच्या जमाखर्चातील चुका काढण्यात ज्यांची उमेद सरली, त्या गृहस्थांनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि कोपरे आत घेतली.