दोन चमचे साने गुरुजी

नागपूरच्या महालात कुणाला काही झालं की औषध सांगणारे आधी जमतात, डॉक्टर नंतर. बडकस चौकातून गांधी गेटाकडे नुसतं शिंकत चालत निघा. पोचेपर्यंत आल्याचा रस, ओव्याची धुरी आणि कुणाच्या तरी भाच्याचा ओळखीतला होमिओपॅथ, एवढं सगळं फुकट मिळतं. तेव्हा घरातलं चौदा-पंधराचं लेकरू एकाएकी दार लावून बसायला लागलं, तर त्यावरही काहीतरी उतारा असणारच, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. माझ्या माळ्यावर पुस्तकं आहेत हे बोळभर ठाऊक असल्यामुळे या एका दुखण्यापुरती मी वैद्य.

"काकू, आमचा पोट्टा बोलूनच नाही राहिला. एखादं पुस्तक सांगा न."

"काही झालं का?"

"काय होते जी! बस, तोंड फुगवून हाये. संस्काराचं असलं तं बरं."

संस्काराचं म्हणजे 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहून काढलं, आणि प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावं दिली. त्यामुळेच की काय, आयांना ते रोज झोपताना दोन चमचे द्यायचं पुस्तक वाटतं. मोठ्यांना त्यात आई दिसते. पण आईनं आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी 'चल पोहायला' म्हटल्यावर भीतीनं लपून बसणारा श्यामही त्याच पुस्तकात आहे, आणि तो हुबेहूब आपल्या दार लावून बसलेल्या पोट्ट्यासारखा आहे. हे मी त्या माउलीला सांगितलं. तिनं पुस्तक दोनदा उलटंपालटं करून पाहिलं आणि न नेता गेली.

पुस्तकं औषधासारखी लिहून द्यायची ही कल्पना महालाचीच नाही. सॅम्युअल क्रॉदर्स नावाच्या एका अमेरिकन पाद्र्यानं 1916 साली 'अटलांटिक' मासिकात एक लेख लिहिला. त्यात त्याचा एक मित्र दवाखाना थाटून रोग्यांना गोळ्यांऐवजी पुस्तकं लिहून देतो. लेख थट्टेचा होता. पुढे लोकांनी ती थट्टा मनावर घेतली आणि आता तिचं रीतसर शास्त्र झालं आहे. हे विनोदी लेखकांच्या बाबतीत नेहमीच होतं.

आमच्याकडे पुस्तकवाटपाचा खरा हंगाम दहावीच्या निकालानंतरचा. गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. समाजाचे, मंडळाचे, नगरसेवकांचे, बँकेचे. गुलाबाचं फूल, पेन आणि 'अग्निपंख'. डॉ. कलामांबद्दल मला नितांत आदर आहे, पण एकाच घरात त्याच्या तीन-तीन प्रती झाल्या की त्यातली एक पंख्याच्या रेग्युलेटरखाली टेकू म्हणून जाते. 'अग्निपंख' नसलं तर 'मन में है विश्वास', आणि पाहुणे जुन्या वळणाचे असले तर 'मृत्युंजय'. सगळी चांगलीच पुस्तकं. अडचण एवढीच की ती सगळी जिंकलेल्या, निदान जिंकायलाच जन्मलेल्या माणसांची आहेत. ज्याला ब्याण्णव टक्के मिळाले त्याच्या हातात जिंकण्याचं पुस्तक, आणि ज्याला बेचाळीस मिळाले तो मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवतो. त्या मागच्या खुर्चीवर कुणीतरी अरुण शेवते यांचं 'नापास मुलांचे प्रगतिपुस्तक' ठेवून यावं, असं मला दरवर्षी वाटतं. पुढे मोठी झालेली माणसं त्यात आपल्या नापासगिरीबद्दल लिहितात. पण त्यांनाही पुढे मोठं व्हावं लागलंच, हे त्या पोट्ट्याच्या लक्षात येईलच. या वयात असल्या गोष्टी फार लवकर लक्षात येतात.

चौदाव्या वर्षी पडणारे प्रश्न 'एकवीस अपेक्षित'मध्ये नसतात. काल जिवाची मैत्रीण होती ती आज डब्याला दुसऱ्या बाकावर का गेली? सगळ्यांना मिशी फुटली, मलाच का नाही? आईचा आवाज नुसता ऐकला तरी डोकं का फिरतं? यांची उत्तरं पुस्तकात असतात असंही नाही. तिथे हेच प्रश्न पडलेलं आणखी कुणीतरी असतं, इतकंच.

आईचा आवाज म्हटल्यावर अ‍ॅन फ्रँक आठवते. तिची डायरी आमच्याकडच्या आया बिनधास्त नेतात. "युद्धाचं हाये न, इतिहास होईल." पोरी ती वाचतात, तीही दोन-दोनदा, पण इतिहासासाठी नव्हे. बंद जागेत, पावलांचा आवाजही न करता राहावं लागलेली ती मुलगी आईवर किती चिडते, आपल्याला कुणी समजून घेत नाही म्हणून किती तळमळते, ते त्या वाचतात. आपल्यासारखं दुष्ट दुसरं कुणी नाही असं वाटत असतं त्यांना, आणि मग कळतं की अ‍ॅमस्टरडॅममध्येही एक होती. गंमत म्हणजे 1947 साली डायरी पहिल्यांदा छापली तेव्हा अ‍ॅनच्या वडिलांनीच आईबद्दलचा काही बोचरा मजकूर आणि मुलीच्या वयात येण्याबद्दलच्या काही नोंदी गाळल्या होत्या. पुढच्या आवृत्त्यांत त्या परत आल्या. त्या बापाला मी नावं ठेवणार नाही. बायको आणि दोन्ही मुली गमावून एकटा परत आलेला माणूस होता तो. पण मुलांच्या वाचनावर कात्री चालवणारे आपण सगळे त्याचेच भाऊबंद, आणि आपल्याकडे त्याच्यासारखं कारणही नसतं.

मराठीत या वयाचं सोनं प्रकाश नारायण संतांनी लिहून ठेवलं आहे. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. नोकरीनं भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, आई कवयित्री इंदिरा संत, आणि लिहिलं ते आजीआजोबांकडे वाढणाऱ्या लंपनबद्दल. लंपनला काही शिकवायचं नसतं. त्याला नुसतं कळत नसतं, आणि ते न कळणं तो इतक्या नेटानं सांगतो की वाचणाऱ्याला आपल्या गोंधळाची लाज वाटेनाशी होते. भाषा कानडी वळणाची. आमच्या बोळातल्या एका पोरीनं तक्रार केली, "काकू, हा असा काहून बोलते?" आठवड्याभरात ती स्वतःच येताजाता 'मॅडसारखं' म्हणू लागली. बेळगावाकडचं पोरगं महालात येऊन राहिलं, भाडंही न देता.

मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'चं निराळं. आणीबाणीतला नववीचा वर्ग, मुकुंद जोशी, आणि त्याला जिच्याशी दोन वाक्यं बोलायला अख्खं वर्ष पुरत नाही ती शिरोडकर. आया पहिली वीस पानं चाळतात, 'लाईन' हा शब्द दिसतो आणि पुस्तक कपाटावर जातं. कपाटावर गेलेलं पुस्तक महालात सर्वात जास्त वाचलं जातं. माझ्या पिढीनं खांडेकरांची 'ययाती' तिथूनच काढून वाचली, आणि तिला ज्ञानपीठ मिळालं तेव्हा आम्हाला फार हायसं वाटलं. आपण साहित्यच वाचत होतो म्हणायचं.

एक रुखरुख मात्र आहे. आमच्या पोरांना बेळगाव भेटतं, मुंबई-पुणं भेटतं, अ‍ॅमस्टरडॅम भेटतं. तान्ह्या पोळ्याला मारबत-बडग्यांची मिरवणूक पाहायला गर्दीत उभं असताना शेजारच्या वर्गातल्या मुलीचा हात चुकून लागला आणि पुढचे बडगे दिसलेच नाहीत, असं इकडचं पुस्तक मला त्यांच्या हातात द्यायला मिळत नाही. कुणी लिहिलं तर पहिली प्रत मी विकत घेईन. सवलतीत.

परवा एक गृहस्थ आले. इतवारीत हार्डवेअरचं दुकान. मुलगा नववीत, बापलेकांत जेवायच्या पाटावरही बोलणं नाही. मी 'पाडस' दिलं होतं. मार्जोरी रॉलिंग्ज यांची फ्लोरिडाच्या जंगलातली कादंबरी, राम पटवर्धनांनी मराठीत अशी आणली की मूळ इंग्रजी असेल अशी शंका येऊ नये. ज्योडी नावाचा मुलगा हरणाचं पिल्लू पाळतो. ते मोठं होऊन शेतातलं कोवळं पीक खाऊ लागतं. घर पिकावरच जगणारं, आणि बाप अंथरुणाला खिळलेला. पुढचं मी सांगत नाही, पण ते वाचून रडला नाही असा माणूस मला भेटायचा आहे.

गृहस्थांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. मुलगा दारातच, मोबाईलमध्ये मान घालून.

"यानं काही हात नाही लावला काकू. पडून होतं म्हणून मीच वाचलं."

"कसं वाटलं?"

"वाटायचं काय," ते घसा खाकरत म्हणाले. "पण मारायची पाळी यायलाच नको होती. धड कुंपण घातलं असतं तं हरीण आत आलंच नसतं."

"घातलं होतं बाबा," दारातून आवाज आला. मान खालीच. "उंचपण केलं होतं. उडी मारून गेलं ते."

गृहस्थ वळले. "तू कधी वाचलं बे?"

"तुम्ही दुकानात असता तेव्हा."